बांधावरचा कुरडू

तेलुगू घरातून आलेल्या सुनेची आमच्याकडची ही पहिलीच बतुकम्मा, म्हणजे फुलांचा मनोरा रचून पुजण्याचा सण. फुलांच्या त्या मनोऱ्याला पिवळा तरवड आणि पांढरा-गुलाबी कुरडू लागतो. "दोन्ही आपल्याच बांधावर मिळतील," असे तिला सांगून मी पत्नीसह शेतात गेलो. तरवड रस्त्याकडेला भरभरून फुलला होता. कुरडूचे मात्र एकही रोप दिसेना. दोन्ही वनस्पतींना नामशेष होण्याचा धोका नाही, असे मी वर्गात शिकवत आलो आहे. मी बांधभर शोधत राहिलो.

"आता धुंडून काऊन राह्यले?" पत्नी म्हणाली. "सोयाबीनसंगं बांधावरबी तुमीच तर तणनाशक मारलं, गुरुजी!"

खरेच होते. दरवर्षी मीच फवारत आलो होतो.

घरी सुनेने फुलांची टोपली पाहिली आणि ती नुसत्या तरवडाचे थर रचू लागली. मला तिच्याकडे पाहवेना.