आम्ही घोडमाळ झाडला

खुलताबादच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या वस्तीचा घोडमाळ आहे. कागदावर ते नुसतं गायरान. मेंढरांमागं आठ महिने फिरणारी आमची माणसं पावसाळ्यात घरी येतात, तेव्हा बिऱ्हाड वाहून थकलेली घोडी पायबंद घालून या माळावर सोडतात. माळ कुणा एकाचा नाही, त्यामुळं सगळ्यांचं तिथं बरं चालतं. तिथं गोदामं बांधायचा प्रस्ताव आला आणि मला फोन आला. मी शहरातल्या शाळेत कारकून. वस्तीत अर्जाची भाषा येणारी मी एकटीच.

माळ गेला तर आईची घोडी विकावी लागणार होती. चार महिने तिला ठेवायची कुठं? आणि घोडी नसली की भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं कोण वाहणार? म्हणजे आईचं मेंढरांमागं जाणं बंद. हे सगळं मी आईला नीट समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला म्हाईतंय."

मी हरकत लिहिली की माळ रोजच्या वापरात आहे, येऊन पाहावं. पाहणीला मंडळ अधिकारी येणार असं ठरलं. मला रजा मिळेना, म्हणून चुलत्यांना फोनवर सांगितलं, "साहेब येणारेत. जरा नीट करून ठेवा." हे वाक्य माझं. पुढं चुलत्यांनी ते आपल्या अंगावर घेऊन पाहिलं, पण ते माझंच आहे.

वस्तीनं नीट केलं. बायांनी दोन दिवस माळ झाडला. पाट्या भरभरून लीद उकिरड्यावर नेली. साहेबांना लाथ बसू नये म्हणून घोडी ओढ्यापलीकडं नेऊन बांधली. आईनं सडा टाकून रांगोळी काढली. खुर्ची ठेवली, चहा केला. साहेब खूश होऊन गेले.

पंचनाम्याची नक्कल घेऊन मी वस्तीवर गेले. आई म्हणाली, "वाच." मी वाचलं. सदर जागा स्वच्छ व मोकळी आढळून आली, जनावरांचा वावर दिसून आला नाही.

"स्वच्छ लिव्हलं का?"

"व्हय."

"सोताहून?"

"व्हय."

ती चुलत्यांना सांगायला उठली. तिला परत खाली बसवून उरलेल्या ओळीचा अर्थ सांगितला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.  आई म्हणाली, "लई झाडलं गं आमी."

फेरपाहणीचा अर्ज कसाबसा मंजूर झाला. या वेळी मी रजा काढली आणि बजावलं, काहीच करायचं नाही. काहीच न करणं वस्तीला फार जड गेलं. चुलत्यांनी विचारलं, "निदान खुर्ची?" खुर्चीला मी परवानगी दिली.

साहेब आले तेव्हा घोडी माळभर पांगली होती. चारदोन पावलांतच त्यांचा बूट ताज्या लिदीत गेला. आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. तिनं पदराचं टोकही हातात धरलं होतं. मी तिचं मनगट पकडलं.

"राहू दे, आई."

"अगं, सायबाचा बूट."

"राहू दे."

 पाहुण्याचा पाय घाण झालेला बघत तिला तशीच उभी केली, हे मला अजून खातं. साहेबांनी बुटाकडं पाहिलं, घोड्यांकडं पाहिलं, सोबतच्या तलाठ्याला म्हणाले, "वापर आहे. लिहा."

निकाल अजून लागलेला नाही. घोडी माळावर आहेत. मी वस्तीवर राहते तेव्हा सकाळी आईला केर काढताना बघते. अंगण झाडत ती माळाच्या कडेपर्यंत येते, लिदीकडं बघत थोडी थांबते आणि केरसुणी पाठीमागं धरून परत फिरते.