चादर दिसेल अशी वेळ

गिरण्यांजवळचा पूल मागे पडला आणि रेजानताईने माझं कोपर सोडलं. रस्ता सरळ असला की ती सोडते, उतार किंवा कडा आली की पुन्हा धरते. तिच्या दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग बसला आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. "माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही," असं ती म्हणते. "बरंच आहे. या गावातली नाकं काही बघण्यासारखी नाहीत."

ऑगस्टची पंधरा तारीख होती. मारियामाउली स्वर्गात गेली, तो सण. त्या दिवशी सकाळची प्रार्थना झाली की रेजानताई गावाबाहेरच्या दफनभूमीपर्यंत चालत जाते, आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला. गाडीतून गेलं तर पुण्य लागत नाही असं तिचं ठाम मत आहे. तिचा नवरा लायोनेल होता तोवर तो सोबत जायचा. तो गेल्यापासून मी जाते. आम्ही देश सोडून या गिरण्यांच्या गावी, बिडफर्डला आलो तेव्हापासून तिच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहतो. ताई म्हणजे काय, ते मी तिला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं. "म्हणजे हुकूम सोडायचा हक्क आला," ती म्हणाली, आणि तो हक्क तिने वापरला. दर शनिवारी तिच्या भट्टीत घेवड्याच्या दाण्यांचं मडकं रात्रभर शिजतं. माझ्यासाठी डुकराची चरबी न घालता एक लहान मडकं वेगळं असतं. त्याला ती "मालनचं बिचारं मडकं" म्हणते.

"डेनिसला सांगितलंस का?" मी विचारलं. डेनिस तिचा मुलगा.

"सांगितलं. केवढा ओरडला! म्हणतो, आई, लोक लाल पानं बघायला जातात, तू हिरवी बघायला निघालीस."

झालं होतं ते असं. डेनिसने आईला जहाजाची सहल भेट दिली होती. पानगळीआधीचे रंग बघायला इकडे दर शरदात मोठमोठी जहाजं फिरतात. बॉस्टनहून निघून नोव्हा स्कोशियाला वळसा घालायचा, मग मोठ्या नदीत शिरून वर क्वेबेकपर्यंत जायचं. नाहीतर तोच रस्ता क्वेबेकहून उलटा. आमच्याकडे यावर न्हाव्याच्या दुकानातसुद्धा वाद चालतात. रंग उत्तरेकडून खाली उतरतो. आधी क्वेबेकचे डोंगर पेटतात, मग नोव्हा स्कोशिया, शेवटी आमचा किनारा. म्हणून कोणी म्हणतं, ऑक्टोबरात वरून खाली या, रंगाच्या बरोबरीने. कोणी म्हणतं, खालून वर जा, म्हणजे रंग समोरून भेटतो.

डेनिसने आईला विचारलं, वर की खाली? ती क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, वर. डेनिसने ऑक्टोबरच्या मधला आठवडा धरून दिला.

वर का, ते त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. रेजानताईचा जन्म त्या नदीकाठचा, सरहद्दीपलीकडच्या सें-इरेने गावचा. घर डोंगराच्या कुशीत, खाली सगळं पाणी. तिचे वडील लाकडाच्या गलबतावर कप्तान होते. लाकूड भरून वर जाताना गलबत घरासमोरून जायचं. ते दिसलं की आई सज्जात पांढरी चादर टांगायची. घरात सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ. वडील भोंगा वाजवायचे. कोणी आजारी असेल, काही वाईट घडलं असेल, तर चादर टांगायची नाही. त्या किनाऱ्यावर घरोघरी हीच रीत होती.

गलबतं वर जायची ती भरतीच्या पाण्यावर, उजेड बघून. रेजानताईच्या डोक्यात नदी तशीच राहिली होती. सहलीच्या कचेरीत तिने काय विचारलं असेल, तर "त्या दिवशी भरती किती वाजता?" तिथली बाई म्हणाली, "आजी, आमच्या जहाजाला भरती लागत नाही. सकाळी क्वेबेकला पोचायचं असतं, रात्रभर चालतं."

रात्रभर! म्हणजे सें-इरेने अंधारात मागे पडणार. रेजानताई घरी आली आणि दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खाली आली आणि म्हणाली, "साठ वर्षं गिरणीत ब्लँकेटं विणली म्हणून काय झालं, मी कप्तानाची मुलगी. आणि वेळ चुकली माझी!" साठ वर्षं काही नव्हती.

मग तिने उलटी जहाजं विचारली. क्वेबेकहून जेवणवेळ टळल्यावर निघणारं एक होतं. ते सें-इरेनेसमोरून संध्याकाळच्या तोंडावर जातं. ऑक्टोबरात तोवर अंधार पडतो. सप्टेंबरच्या शेवटी मात्र ऊन असतं. पानं तेव्हा नुकतीच कुठे रंगाला लागलेली. तिने तेच घेतलं.

दलदलीपाशी आलो. तिथला मेपल दरवर्षी ऑगस्टातच एक फांदी लाल करून बसतो. रेजानताईने मान तिरकी केली, कडेने बघायला.

"झाला का लाल तो आगाऊ?"

"एक फांदी."

"डेनिसला सांग, तुझ्या आईने पानं बघितली. आता गप्प बस."

"ताई, एक विचारू?" मी म्हटलं. "क्वेबेकपर्यंत डेनिस गाडीने सोडणार. तिथून तुझं गाव गाडीने दोन तासांच्या आत. मग सरळ फर्नांदच्या दारातच का नाही जात?"

फर्नांद तिची धाकटी बहीण. त्या घरात ती एकटी राहते.

रेजानताईने माझं कोपर धरलं. रस्ता सरळच होता.

"दार तिने लावलंय. मी ठोठावणार नाही. समोरून जायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. नदी तिच्या बापाची नाही." मग स्वतःच हसली. "होती थोडीशी. पण माझ्याही बापाची होती."

दफनभूमीच्या फाटकाशी उतार आहे. आम्ही हळू उतरलो. आईच्या दगडाशी ती गुडघ्यावर बसली. मी माझ्या कुंडीतला झेंडू ठेवला आणि मनातल्या मनात हात जोडले. कोणाची का असेना, आईच ती.

दोघी बहिणींचं भांडण या दगडावरूनच होतं. म्हातारपणी आईला दम लागायचा. रेजानताईने तिला एका हिवाळ्यापुरतं इकडे आणलं, डॉक्टरांसाठी. आई वसंत उजाडायच्या आतच गेली. तिकडची जमीन गोठलेली, सरहद्दीपलीकडे न्यायचं म्हणजे कागदांचा डोंगर. लायोनेल म्हणाला, इथेच ठेवू. वडील तिकडे चर्चमागच्या थडग्यात एकटे राहिले. त्यांच्या शेजारची जागा रिकामीच आहे. फर्नांद फोनवर एवढंच बोलली, "नेलीस ना? आता ठेव तुझ्याकडेच." त्यानंतर एक शब्द नाही. नाताळची कार्डं गेली, उत्तर आलं नाही.

"चुकलंच माझं," रेजानताई गवत उपटत म्हणाली. "वसंत यायची वाट बघायला हवी होती. लोक थंडीत पेटी तशीच ठेवतात, वसंतात पुरतात. आम्हाला ते ठाऊक होतं. पण मला गिरणीत परत जायचं होतं."

मीही तिच्याबरोबर गवत उपटू लागले. अशा वेळी बोलायला देव असतो, माणसाने ऐकावं.

"फर्नांदला जहाजाचं कळलंय का?" मी विचारलं.

"गाएतानकडून कळवलं." गाएतान त्यांची चुलत बहीण. दर रविवारी चर्चमधला प्रसाद घेऊन फर्नांदच्या घरी जाते, कारण फर्नांदचे गुडघे गेलेत. "वार सांगितला, वेळ सांगितली. चादरीचं तोंडातून काढलं नाही. ते तिला सांगावं लागलं, तर मग काय उरलं?"

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. प्रसाद घेतला, छातीवर क्रूसाची खूण केली. गाएतान निघाली तेव्हा दारात विचारलं, जहाज केवढं मोठं आहे." रेजानताईने हातातली माती झटकली. "गाएतान वेडी. म्हणते, ही चांगली खूण आहे. फर्नांद लहानपणापासून सगळ्याच गोष्टींचं माप विचारते."

तिला उठवायला मी हात दिला. ती उठली, पण हात सोडला नाही.

"मालन, डेनिसने दोघांची खोली घेतलीय. तो म्हणतो, सोबतीला मी येतो. मी त्याला नको म्हणाले."

"का गं?"

"तो चांगला मुलगा आहे. मला वाईट वाटू नये म्हणून तो काहीही सांगेल. एखादं पांढरं छप्पर असेल, तर म्हणेल, आई, ती बघ चादर." तिने मान तिरकी करून माझ्या चेहऱ्याच्या कडेला बघितलं. "मला ती टेकडी दिसेल, रंग दिसेल. मधली चादर दिसणार नाही. तू रोज दिवा लावून बसतेस देवापुढे. तू माझ्याबरोबर चल. डाव्या बाजूला कठड्याशी उभी राहा. चर्चचं टोक दिसेल, त्याच्यावर तिसरं घर, लांब सज्जाचं. चादर असली तर असली म्हण. नसली तर नाही म्हण. दयेपोटी खोटं बोलू नकोस, एवढं कर माझ्यासाठी."