राहिलेला वन्समोर

संध्याकाळी नाटक, म्हणून दुपारी दोन घास वरणभात खाऊन आडवी होते. झोप कसली येतेय! पायपेटी वाजवणाऱ्या शिरीषला सकाळीच बजावलंय, तिसऱ्या अंकातल्या पदाला वन्समोर आला तरी घ्यायचा नाही, सरळ पुढच्या वाक्यावर जायचं. मागच्या वर्षी असाच एक मी नाकारला. घसा बसला होता हो माझा, खोटं कशाला बोलू? पण पायपेटीवर मामंजी, म्हणजे माझे सासरे, सूर धरून बसले होते. त्यांनी वर पाहिलं, मी मान हलवली. आठव्या दिवशी ते गेले. त्यानंतर ते पद आज पहिल्यांदा गायचंय.

डोक्यावर पंखा खरखरतोय. खरखरता खरखरता तो सिनेमाचं मशीन होतो, आणि मी मिरजेच्या जुन्या थेटरात बाकावर बसलेय. शेजारी मामंजी. धोतर, काळी टोपी, खिशात ज्येष्ठमधाची पुडी.

"उशीर केलास, शालन," ते म्हणतात. "बाई आत्ताच गायला उभी राहिलीय."

पडद्यावर तोच काळापांढरा इंग्रजी बोलपट, ज्याची गोष्ट त्यांनी मला शंभरदा सांगितलीय. ऑपेरा गाणारे दोघं, म्हणजे तिकडचे संगीत नाटकवालेच की, भांडले तरी गातात आणि रडले तरी गातात. लहानपणी मामंजींना त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं, पण बाईचं गाणं संपताच ते उठून वन्समोर ओरडले. सगळं थेटर हसलं. पडद्यावरची बाई थांबणार कशी? म्हातारपणीसुद्धा ते हळहळायचे, तेवढं एक राहिलं म्हणून.

आता गाणं संपतं आणि मामंजी उठतात. मी धोतराचा सोगा ओढते, पण ऐकतील तर ना.

"वन्समोर!"

बाई थांबते. झगा सावरते, डोळ्यांवर हात धरून खाली बघते आणि अस्सल मिरजेच्या मराठीत विचारते, साथीला कोण आहे?

मामंजी निघालेच. बाकांमधून चालत जातात, ती वाट आमच्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांना लागते, आणि वर त्यांची पायपेटी मांडलेली. बाई पुन्हा गाते, पहिल्यापेक्षा झकास. मामंजींचं तोंड लाडू मिळालेल्या पोरासारखं झालंय. मलाही हसू आवरत नाही. मग ती बाजूला होते आणि मला हात करते. मी नऊवारीत, उजेडात उभी.

"मामंजी, त्या दिवशी मी तुम्हाला अर्ध्यावर सोडलं," मी म्हणते. मला रडू येतं.

"खुळी आहेस. बसलेला घसा मला कळत नाही होय? राहिलाय तो आज घे." पुडीतली ज्येष्ठमधाची कांडी ते स्वतः चावून बघतात आणि माझ्या हातात ठेवतात. तशीच द्यायचे नेहमी.

मी गाते. एकदा गाते, दुसऱ्यांदा गाते, आणि तिसऱ्यांदा वन्समोर खुद्द पायपेटीवरूनच येतो. अहो, साथीदारानं कधी वन्समोर मागायचा असतो का? पण मी घेते. इतक्या सुखानं मी कधीच गायले नव्हते.

जाग येते तेव्हा पाच वाजलेत. मुठीत काहीतरी टोचतंय. ज्येष्ठमधाची कांडी, एका टोकाला चावलेली. मामंजी गेल्यापासून आमच्याकडे ज्येष्ठमध कुणी आणलेलं नाही.

मी शिरीषला फोन लावते आणि सांगते, तिसऱ्या अंकातला वन्समोर घ्यायचा. तो विचारतो, आलाच नाही तर?

"येईल," मी म्हणते, आणि कांडी दाढेखाली धरते.