डेल्फिनने टेम्पो उभा केला

नवरा प्लासिड गेला त्या संध्याकाळी डेल्फिन रडली नाही. आळीतल्या बायका रडत होत्या, तिच्या जावेने तर दाराच्या चौकटीला कपाळ टेकून हंबरडा फोडला होता. डेल्फिन उठली, अंगणात आली आणि माडाखाली उभ्या असलेल्या दिराच्या टेम्पोवर तिने हात ठेवला. पत्रा अजून गरम होता. तिथूनच, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"क्लेमेंट, ह्या तुज्या टेम्पोत माज्या कोंबड्या अंडी घालतील. ते बघल्याबिगर मी मरनार नाय."

लोकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. कुणीतरी दंडाला धरून तिला आत नेलं. क्लेमेंट मान खाली घालून उभा राहिला. त्या वेळी टेम्पो त्याचा अन्नदाता होता, आणि कोंबड्या डेल्फिनच्या होत्या चार.

झालं होतं ते असं. सत्त्याण्णव सालचा मे महिना, दुपार. अर्नाळ्याचा रस्ता उन्हाने पांढरा पडलेला. प्लासिड बाजेवर बसून फाटलेलं जाळं तुणत होता. बसल्या बसल्या त्याने छातीवर हात दाबला आणि घामाने निथळायला लागला. डेल्फिन धावत अंगणात आली. क्लेमेंट तेवढ्यात जेवून निघालेला. टेम्पो धडधडत होता, मागे गोणपाटाखाली बर्फाच्या लाद्या.

"क्लेमेंट, दादाला उचल. विरारला नेऊ दवाखान्यात."

क्लेमेंटने भावाकडे बघितलं, मग मागे बर्फाकडे. "वयनी, आदी बरफ टाकून येतो बोळिंजला. पघळंल तो. ह्यो गेलो नि ह्यो आलो."

आणि गेला. मागे काळा धूर ठेवून गेला.

त्या उन्हात अर्नाळ्यात रिक्षा कुठली? आगाशीहून एक आणेपर्यंत प्लासिडचे ओठ निळे झाले. बोळिंज नाक्यावर रिक्षा आली तेव्हा त्याचं डोकं डेल्फिनच्या मांडीवर होतं आणि मांडीवर आता नुसतं ओझं होतं. तिने बाहेर बघितलं. नाक्यावर टेम्पो उभा. इंजिन चालूच. बायका लाद्या फोडून घेत होत्या, आणि क्लेमेंट सावलीत बसून बशीतून चहा पीत होता.

पुढे क्लेमेंट सगळ्यांना एकच सांगायचा. "मी काय डाक्टर हाय? बरफ नेला नसता तर नाक्यावरच्या बायांची मासळी सडली असती. बरफ काय थांबतो कोनासाठी?" आणि लोक मान हलवायचे. अगदी मिस्सेनंतर चर्चच्या पायरीवरसुद्धा. खरंच की, बर्फ कुठे थांबतो. डेल्फिनला नवरा गेल्याचं दुःख एका बाजूला आणि ही हलणारी मुंडकी एका बाजूला. क्लेमेंटचा टेम्पो तर बंद पाडायचाच होता, पण त्याआधी हे वाक्य त्याच्या तोंडातून काढून घ्यायचं होतं.

पण पोट होतं. टोपली घेऊन तिला बोळिंज नाक्यावर बसावंच लागायचं आणि बर्फ क्लेमेंटच्याच हातून घ्यावा लागायचा. सकाळी तो आगाशी रस्त्यावरच्या बरफखान्यातून माल भरून यायचा. दुपारपर्यंत गोणपाटाखालचा निम्मा बर्फ गटारात. मग दुपारी पुन्हा फेरी, संध्याकाळच्या गिऱ्हाइकासाठी आणखी एक. येताना बहुतेक वेळी टेम्पो मोकळा, खडखडत. डिझेलमध्ये रॉकेल मिसळलेलं. स्टार्टर मेलेला, म्हणून उतारावर लावल्याशिवाय इंजिन बंद करायचंच नाही असा त्याचा नेम. बायका घासाघीस करत आणि धूर थेट टोपल्यांवर. गिऱ्हाईक पापलेट हुंगायचं आणि तोंड वाकडं करायचं. रस्त्याकडेच्या काठ्यांवर वाळत घातलेले बोंबीलसुद्धा काळे पडत.

डेल्फिन बघत राहिली. पुष्कळ दिवस नुसती बघत राहिली. आणि एक दिवस तिच्या ध्यानात आलं की क्लेमेंटचा धंदा बर्फावर नाही, बर्फाच्या पाण्यावर चालतो. जेवढं वितळेल तेवढा तो मोठा.

बोळिंजच्या एका सोसायटीत वसुंधराबाई राहायच्या, रत्नागिरीकडच्या. डेल्फिनकडूनच मासे घ्यायच्या. त्यांच्याकडे नवा फ्रिज आला आणि जुना पार्किंगमध्ये उताणा पडला.

"मावशी, न्या हो हा. सोसायटीवाले रोज ओरडतायत. भंगारवाला नुसता बघून जातो."

डेल्फिनला तो लगेच न्यायला जमेना. त्या संध्याकाळी अर्धी लादी उरली होती, ती टाकून देण्यापेक्षा तिने त्या उताण्या फ्रिजमध्ये लोटली, दार झाकण्यासारखं वर दाबून बसवलं आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी पुतणीचं लग्न. ती बर्फाचं विसरूनच गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने दार उचललं. तळाशी पाणी, आणि पाण्यात बर्फाचा चांगला मोठा तुकडा, हात लावला तर चटका देणारा.

ती पार्किंगमध्ये एकटीच हसायला लागली. वरून गॅलरीतून वसुंधराबाईंनी विचारलं, "काय झालं मावशी?"

"काय नाय गो बाय. तुमचा मेलेला फ्रिज माज्या नवऱ्याच्या बाजूनं साक्ष देतो."

वसुंधराबाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी वाकून हाक मारली, "सुरमई ठेवा हो माझ्यासाठी!"

मग डेल्फिन मेलेले फ्रिज गोळा करत सुटली. नव्या बिल्डिंगांमधून जुने फ्रिज निघतच होते. ती दारोदार विचारायची, भंगारवाल्यांशी भांडायची. बोळिंज नाक्यावर भिंतीकडेला तिने ते रांगेने उताणे मांडले, वर गोधड्या टाकल्या. नाक्यावरच्या बायकांना करमणूक झाली. जयवंती तिच्याच शेजारी बसायची, तोंडाने फटकळ.

"गो डेल्फिन, माज्या घरात जिता फ्रिज नाय, नि तू रस्त्यात मेलेले मांडतेस? लोक म्हनतील कोळनींचं कबरस्तान झालं."

"तुजा नवरा पन थंडच हाय नि? त्याला ठेवलायस घरात. मग ह्यानं काय घोडं मारलं?"

बायका पोट धरून हसल्या. पण दुपारी झाकणं उचलली तेव्हा हसणं थांबलं. सकाळचा बर्फ जसाच्या तसा.

त्या दुपारी क्लेमेंट आला, भोंगा वाजवला. कुणी उठेना.

"काय गो, बरफ नको?"

"सकाळचा हाय अजून," जयवंती म्हणाली. "नि ते इंजिन बंद कर. आमच्या मासळीला रॉकेलचा वास तुज्यामुळं."

क्लेमेंटने खाली उतरून एक झाकण उघडलं. त्याचा चेहरा बघायला डेल्फिन मान वर करून बसली होती. त्याने त्या फ्रिजला एक लाथ घातली. "वयनी, हे तुजंच सोंग. बघतो मी पन. रोज तीन फेऱ्या घ्याल तर बरफ मिळंल. नायतर एक पन नाय. बसा मग माश्या मारत."

त्याला वाटलं, उद्या-परवा बायका हात जोडत येतील. आणि डेल्फिन तर तो हे कधी बोलतो याचीच वाट बघत होती. बेनेडिक्ट म्हणून एक होता, पूर्वी नावेवर खलाशी, आता पेडलच्या तीनचाकी गाडीवरून जाळी आणि लग्नाच्या खुर्च्या वाहायचा. तिने त्याला आधीच बोलून ठेवलं होतं. गाडीवर दोन फ्रिज उताणे, दोरखंडाने आवळलेले. उजाडता उजाडता, ऊन चढायच्या आत, एका फ्रिजमध्ये बरफखान्यातून लाद्या आणि दुसऱ्यात बायकांची मासळी. दिवसातून एकच फेरी. ओल्या टोपल्या घेऊन एस्टीच्या कंडक्टरशी भांडणं बंद झाली, म्हणून बायका आणखीच खूश.

क्लेमेंटचं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे मनवेलपाड्याच्या बाजारातल्या बायका. ते पेडलने जमणारं नव्हतं, रूळ ओलांडून पलीकडे. पण आगाशीहून केळ्यांचा ट्रक रोज पहाटे तिकडे जायचाच. डेल्फिन ट्रकवाल्याला म्हणाली, "गाडी तशीपन जाते नि? मग एका फ्रिजानं ती काय दमनार हाय?" त्याला ताजी मासळी मिळायला लागली आणि मनवेलपाड्यात क्लेमेंटचा भोंगा बंद झाला.

तेवढ्यावर ती थांबली असती तर ती डेल्फिन कसली. बेनेडिक्टची गाडी बोळिंजहून रिकामी येते हे तिला खुपलं. मोकळ्या फ्रिजमध्ये तिने अर्नाळ्याच्या दुकानदारांचे कांदे-बटाटे भरून आणायला सुरुवात केली. हा माल आजवर अधूनमधून क्लेमेंट आणायचा. बर्फ गेला होता, आता कांदेही गेले.

क्लेमेंटने धडपड केली. लग्नाचे मंडप वाहिले, विटा वाहिल्या, कामणच्या गोदामांकडे जाऊन काम मागितलं. तिथे नव्या गाड्यांची रांग, ह्याच्या धुराड्याला कोण विचारतो? टेम्पो माडाखाली उभा राहिला. आधी बॅटरी बसली, मग एका बाजूचे टायर. पावसाळ्यानंतर हौद्यात गवत उगवलं. डेल्फिन रोज संध्याकाळी कोंबड्यांना दाणे टाकायची, त्यातली एक मूठ नेमाने टेम्पोत. तिची जाऊ ओटीवरून बघायची. एका सकाळी ड्रायव्हरच्या फाटक्या सीटवर, काथ्याच्या खळग्यात, अंडं सापडलं. अजून कोमट. डेल्फिनने ते पदराला पुसलं आणि प्लासिडच्या फोटोपुढे नेऊन ठेवलं. दिवसभर तिथेच ठेवलं. रात्री कालवणात फोडून खाल्लं.

त्याच सुमारास आगाशीच्या शाळेतल्या एका सरांच्या कानावर ही हकीकत गेली. पृथ्वी धुराने तापते, हे ते मुलांना शिकवायचे. त्यांनी हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला, डेल्फिनला शाल-नारळ दिला. सर सांगत होते, माल तोच, बायका त्याच, फक्त फेऱ्या कमी केल्या, मोकळी गाडी पळवली नाही, जाणाऱ्या गाडीत जागा शोधली, आणि केवढं डिझेल वाचलं. मग त्यांनी माईक तिच्यापुढे धरला. "मावशी, हवेची ही काळजी तुम्हाला कशी सुचली?"

"हवेची?" डेल्फिनने शाल सारखी केली. "नाय बा. मला त्याचा टेम्पो बंद पाडायचा होता." आणि मागच्या बाकावर बसलेल्या क्लेमेंटकडे तिने सरळ बोट दाखवलं.

हॉल हसला. क्लेमेंट उठून गेला. सर घाईघाईने म्हणाले, "हेतू काही असो, धूर तर थांबला ना!" आणि थांबला होताच. रस्त्याकडेचे बोंबील आता पांढरेशुभ्र वाळत होते. पण डेल्फिनचं अजून मिटलं नव्हतं. 'बरफ काय थांबतो' हे वाक्य अजून क्लेमेंटकडेच होतं.

दोन हजार दोनचा मे. प्लासिडच्या वर्षाची मिस्सा करून ती घरी आली तर क्लेमेंट अंगणात उभा. दाढी वाढलेली. बेनेडिक्टचे गुडघे गेले होते, हे आळीला ठाऊक होतं.

"वयनी, बेनेडिक्टची गाडी मी चालवतो. घरात चूल पेटायची पंचाईत झाली."

बेनेडिक्टविना त्या दिवशी पहाटेची फेरी चुकली होती. संध्याकाळच्या बाजारासाठी भरलेली गाडी अंगणातच उभी होती. डेल्फिनने ती ढकलून मधोमध, प्लासिडची बाज होती तिथे आणली. माडाची सावली तिथून सरकली होती. शेजारी एक स्टूल ठेवलं.

"बस."

"कशाला?"

"राखन कर. बरफ हाय आत. पघळंल तो."

ते क्लेमेंटचेच शब्द होते. त्याला कळलं. तो निघून जाईल असं बघणाऱ्यांना वाटलं, कारण कुंपणाला आता माणसं लागली होती. पण तो बसला. डेल्फिन ओटीवर समोर बसली आणि सुकट निवडायला लागली. ऊन त्याच्या टाळक्यावर, मग मानेवर, मग पाठीवर आलं. बायकोने त्याला पाणी आणून दिलं, डेल्फिनने तिला अडवलं नाही. जयवंती कुंपणाशी येऊन हळूच म्हणाली, "पुरे गो आता. म्हातारा होत चालला तो पन."

"माजा नवरा म्हातारा झाला नाय," डेल्फिन म्हणाली आणि सुकट निवडत राहिली.

चर्चची संध्याकाळची घंटा झाली तेव्हा ती उठली. दोर सोडला, झाकण उचललं. लाद्या एकमेकींना चिकटून पडल्या होत्या, कोपरे अजून हाताला लागतील असे.

"हात लाव."

क्लेमेंटने हात लावला.

"पघळला?"

"नाय."

"मोठ्यानं बोल. कुंपनापर्यंत जाऊ दे."

"नाय पघळला, वयनी." त्याचा हात बर्फावरच राहिला. "गोनपाटातला पन थांबला असता. तासभर थांबला असता. मला ठाऊक होतं."

कुंपणाशी कुणी मान हलवली नाही. डेल्फिनने झाकण लावलं, दोर आवळला आणि गाडीचं हँडल त्याच्याकडे वळवलं.

"बाया वाट बघतात बोळिंजला. हान गाडी. उद्यापासून उजाडता जायचं. नि नाक्यावर चाय पीत बसायचं नाय."

तो पेडल मारत फाटकाबाहेर पडला. ती टेम्पोकडे गेली आणि सीटवरची अंडी पदरात गोळा करायला लागली.