बर्फाच्या पेटीतलं जागरण

वरळीच्या कोळीणबाईंनी यंत्र माझ्या अंगावर फेकलं नाही, एवढंच. "मासली माझी संध्याकालपर्यंत बसते गो, आणि ह्यो दुपारीच मरतो! रविवारच्या बाजारात असंच झालं ना, तर सगली यंत्रं परत घेऊन जा."

यंत्र म्हणजे काय, तर बर्फाच्या पेटीत बसून गारवा मोजायचा आणि बर्फ कमी पडला की ओरडायचं. लोअर परळच्या एका गाळ्यात मालक धरून आम्ही तिघं ते बनवत होतो. गिऱ्हाईक म्हणाल तर ह्या बाई आणि त्यांच्या मैत्रिणी. त्यांनी पाठ फिरवली असती तर गाळा बंद. संपानंतर वडील गिरणीच्या बंद दाराशी जाऊन परत यायचे, ते येणं मी पाहिलंय. मला पुन्हा कुठल्या कुलपासमोर उभं राहायचं नव्हतं.

मालक म्हणाला, "मावशी, मोठी बॅटरी लावू या."

"आणि मासली कुठे ठेवायची रे, डोक्यावर?"

मला बसवेना. खिडकीशी जा, परत ये, चहा ओत, विसरून जा. कॉम्प्युटर मी शिकले तेही असंच, क्लासच्या दारात फिया घेता घेता, अर्धं उठत अर्धं बसत. कर्नल म्हणजे लष्करातला नव्हे, यंत्राच्या आतला कारभारी, एवढं तेव्हाच कळलं होतं. गारवा मोजणारा भाग कुणाला हवा असला की कारभारी आपल्या मोजणीत एक वाढवतो. काम झालं की मागणाऱ्याने सांगायचं, मग तो एक कमी करतो. शून्य झालं की त्या भागाला झोपवतो. आमचा भाग झोपतच नव्हता, म्हणून बॅटरी दुपारीच संपायची. पण मागणारे तर सगळे सांगून जात होते! मी ओळ न् ओळ वाचली, मालकाला वाचायला लावली.

मग आई आठवली. डिलाईल रोडला तिची खानावळ होती. कामगार जिन्यातूनच ओरडायचे, "मावशे, एक ताट!" आणि ती तिथेच मूठभर तांदूळ वाढवायची. संपात काहीजण सवयीने हाक मारायचे, मग खिसा आठवायचा, आणि लाजेने अर्ध्या जिन्यातून मागे फिरायचे. आई कठड्यावरून ओरडायची, "परत फिरतस तर सांगान तरी जा रे मेल्या, भात फुकट जाता!"

जेवून उठणारा सांगत होताच. न जेवता गेलेल्याचं काय?

तेच निघालं. बर्फात तो भाग कधीकधी उठायलाच नकार द्यायचा. आमचा प्रोग्राम म्हणायचा, बरं, राहिलं, आणि निघून जायचा. पण कारभाऱ्याने हाकेसरशीच एक वाढवून ठेवलेला. तो कमी कोण करणार? सकाळी एकदा जरी असं झालं, की दिवसभर जागरण. परत फिरताना सांगून जायची एक ओळ घातली, बस्स.

रविवारी पेटीपाशी मीच उभी. थोड्या वेळात पेटीबाहेर लावलेला यंत्राचा पडदा काळा झाला.

"मेला!" बाई ओरडल्या. "आज तर सकालीच!"

"मेला नाही हो, झोपलाय. झाकण उघडा बघू."

झाकण उघडलं, आकडा उजळला. बंद केलं, विझला. बाईंनी पुन्हा उघडलं. गिऱ्हाईक सुरमई दाखवा म्हणतंय, ह्यांचा हात झाकणावर.

"अहो, सारखं उठवू नका! अशाने बॅटरी जाईल, बर्फही जाईल!"

"मंग जित्ता हाय का नाय, मला कलणार कसं?"

मीही सकाळपासून सारखी डोकावून तेच तर बघत होते! शेवटी ठरलं, ओरडला तरच बघायचं. बाईंनी हात पदराखाली घेतले, मी माझे पाठीमागे. दुपार कलली. ओरडला नाही. मी वाकले तशी बाईंनी हातावर चापट मारली, "अगो, नको ना!"

उन्हं उतरल्यावर तो ओरडला, बर्फ खरंच संपत आला होता. बाईंनी बर्फवाल्याला हाक मारली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "माझ्या जावेला पण एक लागंल. आणशील तवा जरा बसून जा."