लेण्यातला चेहरा

आमच्या गावामागच्या डोंगरात एक लेणं आहे. मेडशीला एसटीतून उतरून तासभर चालावं लागतं. आत वटवाघळं, आणि मागच्या भिंतीवर बसलेली एक बुद्धमूर्ती. दगड पार झिजलेला. चेहरा तेवढा दगडावरच्या चुन्याच्या पातळ थरात कसाबसा तगून होता. तो चेहरा वाचावा म्हणून मी, या गावची पहिली आर्किटेक्ट, दोन वर्षं लोकांशी भांडले.

पर्यटनाचा आराखडा माझ्याकडे आला तेव्हा गावच्या समितीला कमान हवी होती, फरशी हवी होती, आत रंगीत दिवे हवे होते. अध्यक्ष मला सुनावत, "कमान नाई त लोक येतीन कायले?" मला त्या माणसाचा संताप यायचा आणि तो मी लपवलाही नाही. सगळं बांधकाम मी पायथ्याशी ठेवलं. वर फक्त सिमेंटशिवाय रचलेली दगडी वाट, आणि लेण्याच्या तोंडाशी आडव्या गजांचं दार, वटवाघळं ये-जा करतील एवढ्या फटींचं. माणसांनी बाहेरूनच पाहायचं. समितीनं नाक मुरडत मंजुरी दिली.

गावाच्या शेवटच्या बैठकीत मी बायाबापड्यांसकट सगळ्यांना दम भरला, लेणं स्वच्छ राहिलं पाहिजे. चेहऱ्याला हात लावू नका, हे मात्र बोलले नाही. तेवढं कुणालाही कळेल असं मी धरून चालले. समितीवर विश्वास नव्हता म्हणून दाराची किल्ली मीच आमच्या विहाराच्या महिला मंडळाकडे दिली. मंडळाची प्रमुख माझी आई.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी बायकांनी श्रमदान काढलं. मी वर पोचले तेव्हा लेणं ओलं होतं आणि कपडे धुण्याच्या पावडरीचा वास येत होता. तारेच्या ब्रशनं चुन्यासकट घासून मूर्ती काळी कुळकुळीत केली होती. डोळ्यांच्या जागी नुसता दगड होता.

मी तोंडाला येईल ते बोलले. बायका मान खाली घालून बादल्या उचलू लागल्या. आई जागची हलली नाही.

"तूच त म्हनली होती, लेनं साफ ठेवा म्हनून," ती म्हणाली. "मंग काहून चिडून राह्यली? तथागताच्या तोंडावर मळ, अन् आमी पाह्यत बसाव का?"

मी तिच्या हातातला ब्रश हिसकावून घेतला. घासून घासून तिच्या बोटांची सालं निघाली होती, रक्त आलं होतं. मला तिची जराही कीव आली नाही. अजूनही येत नाही.