लेस्टर पेंगेलीचं गप्प बसणं

आमच्या टारिनूक गावच्या फुटबॉल क्लबात अध्यक्ष आहे, जर्सी धुणारी बाई आहे, कॅन्टीनची खिडकी सांभाळणारी मी आहे आणि कोच घालवणारा लेस्टर पेंगेली आहे. बाकीच्यांना कुणीतरी नेमलंय. लेस्टरनं मात्र हे काम आपणहून अंगावर घेतलं आणि मला आठवतंय तेव्हापासून एकही सुटी न घेता केलं.

एका कोचला त्यानं घालवलं, कारण तो पोरांना चेंडू लाथाडायच्या ऐवजी सारखा हातानंच द्यायला लावायचा; आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये हात चालतो, पण इतका? दुसऱ्याला घालवलं, कारण त्यानं टीममधल्या सगळ्यात उंच पोराला कडेकडेनं पळवत ठेवलं. तिसरा तर बिचारा सामने जिंकत होता, पण पांढरे बूट घालून यायचा. "चिखलाच्या खेळात पांढरे बूट घालणाऱ्याचं अर्धं लक्ष बुटातच," असं लेस्टरचं म्हणणं. आता एकट्या लेस्टरच्या बोलण्यानं कुणी जात नाही हे मलाही कळतं. कमिटी असते, मतं असतात. पण पहिला आवाज त्याचाच, आणि तो इतका दणदणीत की बाकीच्यांना वाटायचं, आपणही कधीपासून हेच म्हणतोय.

जन्मभर त्यानं गव्हाचा ट्रक चालवला. तरुणपणी आमच्याच टीमच्या मागच्या फळीत खेळायचा, तेव्हाच गुडघ्याची वाट लागली. बायको आयरिस गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. एकच मुलगी, केरिन. शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन तो गाडीचं नाक मैदानाच्या कुंपणाला लावायचा. तसं आमच्याकडे सगळेच लावतात. थंडीत गाडीत बसून मॅच बघायची आणि आपला गोल झाला की हॉर्न बडवायचा. पण मॅचच्या चार क्वार्टरपैकी तिसरा संपला की लेस्टर खाली उतरलाच. त्या वेळी पोरं मैदानाच्या मधोमध कोचभोवती गोळा होतात आणि अख्खं गाव त्यांच्यामागे जाऊन उभं राहतं. म्हाताऱ्या जातात, कडेवरची पोरं जातात, कुत्रीसुद्धा जातात. शेवटच्या क्वार्टरसाठी कोच काय सांगतोय ते सगळ्यांनी ऐकायचं. फक्त ऐकायचं, बोलायचं नाही, असा रिवाज आहे. लेस्टर बोलायचा.

गुरुवारी तर विचारूच नका. गुरुवारी संध्याकाळी सराव झाला की क्लबात जेवण असतं, आणि जेवताना शनिवारची टीम वाचून दाखवतात. लेस्टरचा घास तोंडापर्यंत जायच्या आत थांबायचा.

"कोण? टॉबिनला घेतलंय? त्यापेक्षा माझा गुडघा घ्या."

"तुझा गुडघा सरावाला येत नाही, लेस्टर," आमचा अध्यक्ष नेव्ह क्वर्क म्हणायचा.

"टॉबिन तरी कुठे येतो?"

आणि टॉबिन बिचारा शेजारच्याच टेबलावर बटाटे खात बसलेला असायचा. पण राग कुणी मानत नसे. लेस्टरनं आपल्याला टीममधून काढायला सांगितलं म्हणजे आपण आता लहान राहिलो नाही, असंच पोरांना वाटायचं.

या वर्षी शहरातून आणलेला कोच फारच ढिला निघाला. ओळीनं हरलो. लेस्टरनं त्याच्या पद्धतीनं सुरुवात केली, बाकीच्यांनी री ओढली आणि भर हंगामात कमिटीनं त्या माणसाला नारळ दिला. नंतर लक्षात आलं, नवा कोच आणायचा कुठून? जो तो शेतीची, पाठीची, बायकोची अडचण सांगायला लागला. शेवटी केरिन उभी राहिली. शाळेत ती खेळ शिकवते, मुलींची टीमही तिनंच उभी केलेली. आमच्या सगळ्या लीगमध्ये पुरुषांच्या टीमला बाई कोच पहिलीच. पण गावात चर्चा त्याची नव्हतीच. चर्चा एकच, आता लेस्टर काय बोलणार?

पहिल्या गुरुवारी जेवायला एवढी गर्दी, की सूप पुरेना. मीसुद्धा पळी हातात धरून दारातच उभी. का खोटं बोलू? केरिननं टीम वाचली. तिनं टॉबिनला घेतलं होतं, तेही मधल्या फळीत. सगळ्या माना लेस्टरकडे वळल्या. लेस्टरनं बटाट्याचे दोन तुकडे केले, एक खाल्ला, मग दुसरा खाल्ला.

"काय रे, कशी वाटते टीम?" नेव्हनं खडा टाकून बघितला.

"बरी आहे."

बरी आहे. लेस्टरच्या तोंडून. नेव्हला ठसका लागला.

त्यानंतर दर आठवड्याला तेच. टीम बरी आहे, सराव बरा चाललाय, हरलो ते वाऱ्यामुळे. तिसऱ्या क्वार्टरनंतर सगळे मैदानात जायचे आणि लेस्टर काचा वर करून गाडीत बसून राहायचा. लोक चहा घ्यायला माझ्या खिडकीशी आले की आधी विचारायचे, "बोलला का?" मी नाही म्हणून मान हलवायची. कुणी म्हणालं, म्हातारा आजारी आहे. कुणी म्हणालं, पोरीनं घरात दम भरलाय. मला तर ते कुतूहल इतकं कुरतडत होतं की चहात साखरेऐवजी मीठ घालायची वेळ आली. आणि गंमत म्हणजे टीम जिंकायला लागली होती. साखळीतली शेवटची मॅच मिन्यारच्या टीमशी, ती जिंकली तर आम्ही फायनल्सना जाणार इथवर गाडी आली.

त्या मॅचच्या आधीच्या शनिवारी सकाळी केरिन माझ्या कॅन्टीनमध्ये आली. न विचारता सुरी घेतली आणि सॉसेजसाठी कांदे चिरायला बसली. मला वाटलं, टीमचं टेन्शन आलंय.

"ग्लेनिस, बाबा तुझ्याजवळ काही बोलतो का माझ्या कोचिंगबद्दल?"

"बरी आहेस म्हणतो."

"तेच." तिनं सुरी खाली ठेवली. "त्या पांढऱ्या बुटवाल्याशी हा माणूस पार मैदानाच्या मध्यापर्यंत जाऊन भांडला. का? कारण त्याला तो कोच समजत होता. माझ्याकडे कसा बघतो माहितेय? शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरगी नाचतेय आणि बापानं टाळ्या वाजवायच्यात, तसा. चुकले तरी छान, पडले तरी छान. सगळी लीग मला बाई म्हणून सांभाळून घेते, ते मी सहन करते. पण त्यानं तरी मला सांभाळून घ्यायला नको होतं."

डोळ्यांतलं पाणी तिनं कांद्यावर ढकललं. माझ्या पोटात काही राहत नाही हे गावाला माहीत आहे आणि केरिनलाही माहीत असणार. लेस्टर चहाला आला तेव्हा मी त्याचा कप सोडलाच नाही.

"लेस्टर, तू का रे गप्प?"

"थंड होतोय चहा."

"होऊ दे. आधी सांग."

"मी ज्याच्या ज्याच्यावर तोंड सोडलं तो तो गेला, ग्लेनिस. एकही राहिला नाही. आता पोरीवर सोडू?"

"तुझ्या तोंडात एवढी ताकद असती तर गेल्या वर्षी पेरणीला पाऊस झाला असता."

"हसू नकोस. तिला हे काम किती हवं होतं ते मला माहितेय. आयरिसनं मला बजावून ठेवलंय, पोरीला टोचून बोलायचं नाही म्हणून."

"पोरगी आठ वर्षांची असताना बजावलं असेल. तू तिला सांभाळतोयस, आणि तिला वाटतंय तू तिला मोजतच नाहीस. ती स्वतःच म्हणाली, याच खुर्चीत बसून."

लेस्टरचा चेहरा लाल झाला. माझ्यावर चिडला की स्वतःवर, ते मला कळलं नाही. कप तिथेच ठेवून तो चालता झाला. मला वाटलं, घातला मी घोळ.

मग आला शेवटच्या मॅचचा गुरुवार. केरिननं टीम वाचली आणि खोलीत एकच कल्ला झाला. आमच्याकडे सगळ्यात जास्त गोल मारणारा पोरगा म्हणजे ब्रोडी हॉकिंग. तो वर्षभर गोलासमोर खेळला. त्याला तिनं उचलून मागच्या फळीत टाकलं होतं, बचावाला. नेव्हसुद्धा म्हणाला, "केरिन, गोल मारायचे कुणी मग?" कुणी टेबल वाजवलं, कुणी आधीचा कोच बरा होता म्हणालं. तिनं शांतपणे सांगितलं, "ठरलंय." लेस्टरचा काटा हवेतच थांबला होता. ओठ हलले, बोलतोय असं वाटलं, आणि त्यानं तोंडात बटाटा कोंबला. केरिननं ते बघितलं आणि कागद घडी करून बाहेर गेली. मला त्या म्हाताऱ्याला पळीनं मारावंसं वाटलं.

शनिवारी वारा सुटला होता, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सरळ. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा आम्ही चार गोल मागे होतो. लोक कुंपण ओलांडून मैदानात निघाले. मी कॅन्टीन तशीच सोडून त्यांच्यामागे गेले. जाता जाता सवयीनं लेस्टरच्या गाडीकडे बघितलं, तर दार उघडं. तो खाली उतरला होता आणि तो मोडका गुडघा ओढत चिखलातून येत होता. लोकांनी न सांगता वाट दिली.

केरिन पोरांना सांगत होती, वारा आता आपल्या बाजूनं आहे, लांब लाथा मारा, घाई करू नका. तिचं वाक्य संपायच्या आधीच मागून आवाज आला.

"आणि त्या लांब लाथा झेलणार कोण? हॉकिंगला तिकडे कशाला कुजवत ठेवलंय? पुढे आण त्याला. वारा पाठीशी असताना गोल मारणारा माणूस मागे ठेवतात, हे कुठल्या शाळेत शिकवतात? कोच झोपलाय की काय इथला?"

पोरं बुटांकडे बघायला लागली. नेव्हनं लेस्टरची बाही धरली, तर त्यानं ती झटकून टाकली. केरिन वळली. मी तिच्या अगदी समोर होते, म्हणून मला दिसलं. आधी तिला काही कळलंच नाही. मग तिची मान ताठ झाली.

"लेस्टर, मागे हो," ती म्हणाली. बाबा नाही म्हणाली. "मी टीमशी बोलतेय."

आणि लेस्टर मागे झाला. इतक्या वर्षांत कुठल्याही कोचनं सांगितलं म्हणून तो मागे झालेला मी बघितला नव्हता. हात बगलेत खुपसून तो बाकीच्यांसारखा ऐकत उभा राहिला. केरिननं हॉकिंगला मागेच ठेवलं. मला वाटतं, आता तर ती त्याला कुणाच्या बापाला घाबरून हलवणार नव्हती.

पोरांनी जीव तोडून तीन गोल परत केले. चौथा खांबाला लागला, म्हणजे गोलाच्या सहाऐवजी एकच पॉइंट मिळाला, आणि भोंगा वाजला. हरलो. हंगाम संपला. पोरं चिखलात बसून राहिली. हॉकिंग रडला.

संध्याकाळी क्लबात कुणाला जेवण जाईना. मी भांडी आवरत होते. केरिन एकटीच कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती आणि तिच्याजवळ जायची कुणाची छाती होत नव्हती. लेस्टर सरळ जाऊन तिच्यासमोर बसला. त्यानं मिठाची बरणी मधोमध ठेवली.

"हा हॉकिंग," तो म्हणाला. मग त्यानं मिऱ्याची बरणी, सॉसची बाटली आणि तिची वाटीसुद्धा ओढली, मैदान मांडलं, मिठाची बरणी पुढे गोलासमोर सरकवली आणि सुरुवात केली. नुसत्या आजच्या मॅचची नाही, पहिल्या मॅचपासून. टॉबिनला मधल्या फळीत का घेतलं, अमुक मॅचला उंच पोराला बाहेर का बसवलं, तमुक दिवशी दुसऱ्या क्वार्टरला काय चुकलं. काचा वर करून बसलेल्या त्या माणसानं एकूण एक गोष्ट टिपून मनात ठेवली होती. मी फडकं हातात घेऊन उभीच राहिले.

"आणि पुढच्या वर्षी असंच खेळवलंस," शेवटी तो म्हणाला, "तर कमिटीपुढे मी स्वतः उभा राहीन आणि सांगेन, हिला काढा."

केरिननं तोंडावर हात ठेवला. तिचे खांदे हलत होते. आज जवळपास कुठे कांदा नव्हता.

"सांग, बाबा," ती म्हणाली, आणि बाहीनं डोळे पुसले. "पण आधी हॉकिंगला मागे का ठेवलं ते ऐकून घे." आणि तिनं मिठाची बरणी उचलून परत मागच्या फळीत ठेवली.